आवंढा

मागच्या जूनमध्ये आई पहिल्यांदा म्हणाली, "घशात काहीतरी अडकलंय गं." भाकरी खाताना? नाही. पाणी पिताना? तेही नाही. "काही खात-पीत नसते ना, तेव्हाच अडकतं. आणि मान आवळल्यासारखी होते." आम्ही हसलो. घास उतरतो आणि काही नसताना अडकतं, हे काय दुखणं झालं?

मग इंदुरीतल्या कुठल्याही घरात होतं तेच झालं. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध. शेजारच्या मावशींनी पडजीभ पडल्याचं निदान केलं आणि आईच्या टाळूवरचे केस धरून जोरात ओढले. बाबांनी तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या ट्रकांच्या धुळीवर खापर फोडलं. (हा रस्ता आमच्याकडे कुठल्याही आजाराला पुरतो.) दोन दिवस बरं वाटलं, की पुन्हा तेच.

इथून तळेगाव दाभाडे गाडीवर जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. तिथे मोठी हॉस्पिटलं आहेत. त्यामुळे दवाखाना लांब होता, असं म्हणायची आम्हाला सोय नाही. तरीही आई चार महिने गेली नाही. कारण कळलं ते फार उशिरा, भांडणात. आई रोज मिश्री लावते, लग्नाच्या आधीपासून. डॉक्टर पहिलं तेच विचारणार, हे तिला माहीत होतं. शरद पवारांचं 2004मधलं ऑपरेशन, 2015मध्ये गेलेले आर. आर. आबा, हे सगळं तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. घशातल्या त्या गोळ्याला तिनं मनातल्या मनात नाव देऊन टाकलं होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"गळा माझा आहे," ती म्हणाली.

मला याचं उत्तर पटकन सुचलं नाही. स्वतःच्या शरीराबद्दल न कळण्याचा हक्क माणसाला असतो का? मला वाटतं, असतो. ऐंशी वर्षांची आजी सगळं समजून-उमजून "आता तपासण्या नकोत" म्हणाली, तर तिला उचलून गाडीत घालणारे आपण कोण? पण आईनं असं काही ठरवलं नव्हतं. तिला मिश्रीची लाज वाटत होती आणि ती लपत होती. घरात आम्ही तिला मिश्रीवरून इतकं टोचून बोललो होतो, की त्या लाजेत आमचाही वाटा होता. तिचा निर्णय म्हणून त्याचा मान राखायचा आणि आपण मोकळं व्हायचं, हे मला जमेना.

शेवटी गेलो. डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं, मान चाचपली. गाठ नाही, व्रण नाही. हे असं पुष्कळांना होतं, म्हणाले. घशाचे स्नायू आवळतात, कधी पोटातलं आम्ल वर येतं, कधी ताण असतो, कधी कारणच सापडत नाही. घास अडकायला लागला, वजन उतरलं, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, रक्त आलं, एकाच बाजूला दुखलं किंवा मानेत गाठ लागली, तर लगेच या. मिश्री बंद. आणि सारखा कोरडा आवंढा गिळू नका, त्यानं ते वाढतं. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या.

मला इथं खरं तर आमच्या पुढच्या वागण्याबद्दल सांगायचंय. "काही निघालं नाही" या वाक्याचं आमच्या घरात आठवड्याभरात "काही नाहीच" झालं. आई गळ्याला हात लावायची आणि भाऊ म्हणायचा, "अगं, रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" कारण सापडलं नाही म्हणून दुखणंच खोटं ठरलं. चार महिने ती आमच्यापासून लपवत होती. आता ती उघड सांगत होती आणि आम्ही ऐकत नव्हतो.

हे फक्त आमच्याच घरात होतं असं नाही. या तक्रारीला वैद्यकात कित्येक वर्षं 'ग्लोबस हिस्टेरिकस' म्हणत. हिस्टेरिया हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयावरून आलेला. म्हणजे बाईचं दुखणं, मनाचे खेळ. खरं तर 1707मध्येच जॉन पर्सेल या वैद्यानं मानेचे स्नायू आवळल्यामुळे स्वरयंत्रावर दाब येतो, असं लिहून ठेवलं होतं. तरी 'हिस्टेरिकस' काढून त्या जागी नुसता घसा सांगणारा 'फॅरिंजियस' शब्द यायला 1968 उजाडलं. एलेन स्कॅरी या अभ्यासक बाईंनी 1985च्या आपल्या पुस्तकात म्हटलंय, की ज्याला दुखतं त्याच्यासाठी वेदनेइतकं खात्रीचं काही नसतं आणि ऐकणाऱ्यासाठी तिच्याइतकं संशयाचं काही नसतं. आमच्या स्वयंपाकघरात अगदी हेच चाललं होतं.

गंमत म्हणजे मराठीला हे ठाऊक आहे. गळा दाटून येतो, आवंढा गिळावा लागतो, हे आपण रोज बोलतो आणि तेव्हा कुणी कुणाकडे रिपोर्ट मागत नाही. रडणाऱ्या माणसाच्या गळ्यातला गोळा आपल्याला खरा वाटतो. आई रडत नव्हती, एवढाच फरक.

तपासून घेणं आणि विश्वास ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं डॉक्टरांनी केलं. दुसरं त्यांनी घरी येऊन करायचं नव्हतं.

गोळा अजून आहे, कधी कमी, कधी जास्त. मिश्री सकाळची सुटलीय, रात्रीची नाही; ती ते लपवत नाही, मीही ओरडत नाही. ओट्यावर तिचा पाण्याचा तांब्या असतो. कामावरून आले की मी विचारते, "आज कसंय?" ती गळ्याला हात लावते, जरा थांबते आणि म्हणते, "आहे."