नकाराची जागा

नवा लॅपटॉप सुरू केला की विंडोज ११ ची होम आवृत्ती आधी इंटरनेट मागते आणि मग मायक्रोसॉफ्टचे खाते. २०१२ साली विंडोज ८ मध्ये असे खाते हा पर्याय होता. २०२१ च्या विंडोज ११ पासून ती घरगुती वापराची अट झाली. आडवाटा आहेत, पण त्या जाणकारांनाच ठाऊक, आणि त्यातल्या काही कंपनी बुजवत आली आहे. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वस्तूपुढे मालकानेच आधी स्वतःची ओळख द्यायची, हे मला अस्वस्थ करते. ‘मान्य आहे’ हे बटण दाबले म्हणजे संमती झाली, असे आपण धरून चालतो. पण नाही म्हणायला जागाच नसेल, तर त्या होकाराला संमती म्हणायचे का?

हा वाद जुना आहे. जॉन लॉकच्या मते राज्यात राहणारा माणूस तिथे राहण्यातूनच मूक संमती देतो. डेव्हिड ह्यूमने १७४८ च्या एका निबंधात त्यावर बोट ठेवले: परकी भाषा न येणारा, हातावर पोट असलेला कारागीर देश सोडायला मोकळा आहे असे म्हणणे म्हणजे झोपेत जहाजावर आणलेल्या माणसाने कप्तानाची सत्ता मान्य केली असे म्हणण्यासारखे आहे, कारण समुद्रात उडी टाकायला त्याला कोणी अडवलेले नसते. ‘नको असेल तर लिनक्स वापरा’ हे उत्तर याच जातीचे आहे. ज्याचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, त्याला ते किती उपयोगी पडणार?

खात्याचे फायदे खरे आहेत आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणा ठरेल. खात्याने लॉगिन केले की बहुतेक नव्या यंत्रांत डिस्क आपोआप कूटबद्ध होते; लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला आतले काही वाचता येत नाही. पण ती उघडण्याची रिकव्हरी की कंपनीच्या सर्व्हरवर जमा होते. नंतर ती तिथून काढता येते, मात्र ती तिथे आहे हेच कित्येकांना माहीत नसते. आणि होम आवृत्तीत स्थानिक खात्यावर राहणाऱ्याला हे आपोआप मिळणारे संरक्षण पुरते लाभत नाही. सुरक्षितता हवी तर किल्ली आमच्याकडेही राहील, असा हा सौदा आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही आणि कंपनी किल्लीचा गैरवापर करत नाही. दोन्ही खरे मानू. फिलिप पेटिट या तत्त्वज्ञाने दाखवून दिले आहे की दयाळू मालकाचा गुलाम मार खात नसला तरी गुलामच असतो, कारण मार न मिळणे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. इथे गुलामगिरी नाही, पण मर्जीचा मुद्दा तोच आहे. उद्या धोरण बदलले, खाते बंद झाले, सरकारने वैध आदेश देऊन किल्ली मागितली, तर निर्णय माझ्या हातात उरत नाही. फोनने आपण आधीच सारे देऊन बसलो आहोत, हा युक्तिवादही टिकत नाही. एक हक्क गेला म्हणून दुसराही सोडून द्यावा, असे त्यातून निघत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त आणि विनाअट असावी असे शब्द आहेत. त्या शब्दांना अर्थ असेल, तर पहिल्याच पडद्यावर ‘खात्याशिवाय पुढे जा’ हे बटण तितक्याच ठळक अक्षरांत हवे, आणि डिस्कची किल्ली सर्व्हरवर पाठवायची की कागदावर लिहून कपाटात ठेवायची, हे ती पाठवण्याआधी विचारले जायला हवे.