ज्याची त्याची शुश्रूषा

आजाऱ्यांची सेवा हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीतच पाठ केलेले असते. त्या पाठांतरात एक गोष्ट मात्र निसटून जाते. भुकेल्याला अन्न द्यावे, तहानेल्याला पाणी द्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे, या कृत्यांत काय द्यायचे ते त्या वाक्यातच सांगितलेले आहे. आजाऱ्याच्या बाबतीत तसे नाही. त्याला भेटावे, त्याचे करावे, एवढेच सांगून काय करावे ते मोकळे सोडले आहे. ही मोकळी जागा आपण बहुधा चांगल्या हेतूने भरतो आणि हेतू चांगला असला म्हणजे झाले असे मानतो. ते तसे आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुरा ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या डोळ्यांपुढे महात्मा फुल्यांचा पुतळा, सरस्वती भुवन, भाजी मंडई आणि जून महिन्यात गर्दीने ओसंडणारी शालेय पुस्तकांची दुकाने उभी राहतील. या गजबजलेल्या वस्तीतल्या एखाद्या जुन्या घराची आपण कल्पना करू. खालच्या खोलीत सत्तरी उलटलेले आजोबा आहेत. पंधरवड्यापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शेजारच्या खोलीत त्यांची धाकटी बहीण आहे. तिचा कर्करोग पसरला असून आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. माडीवर आजोबांचा थोरला मुलगा राहतो. तो पन्नाशीचा, जुना मधुमेही, पायाच्या अंगठ्याशी एक लहानशी जखम झालेला. बाकी हिंडता फिरता. आणि या तिघांचे करणारी घरात एकच सून.

सुनेचे तिघांवर सारखेच प्रेम आहे असे समजू. या सारख्या प्रेमापोटी ती तिघांना सारखीच वागणूक देते. पडून राहा म्हणते, आग्रहाने चार घास भरवते, पाय दुखले तर गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. यात वावगे काय, असे कोणालाही वाटेल. परंतु आजोबांच्या घशाचे स्नायू झटक्याने दुबळे झालेले असू शकतात. गिळता येते की नाही हे जाणकाराने तपासण्यापूर्वी मायेने तोंडात सोडलेले चमचाभर पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. त्यांना निवांत पडू देणे ही तर सेवेच्या नावाखाली झालेली हानीच होय. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाड, टाचा, खांदे यांवरील कातडी दबून जखमा होतात. दुबळा हात हलवायला लावला नाही तर तो कायमचा आखडतो. आजोबांना बसते करायला हवे, आपल्या हाताने सदरा घालायला लावायला हवे, आणि त्यासाठी त्यांची थोडी चिडचिडही सोसायला हवी.

त्यांच्या बहिणीचे अगदी उलट. तिला उठवून चालवण्याचा अट्टाहास निरर्थक आहे. शेवटच्या आठवड्यांत शरीर अन्न मागेनासे होते. तेव्हा न जेवल्यामुळे ती खंगते आहे असे समजून घास कोंबणे म्हणजे तिला मळमळ आणि उलटीची शिक्षा देणे. तिला हवे असते ते वेगळेच : ओल्या कापसाने पुसलेले ओठ, स्वच्छ केलेले तोंड, खोलीतला मंद प्रकाश, आणि घड्याळाच्या काट्यावर दिलेले वेदनाशामक औषध. दुखू लागल्यावर नव्हे, दुखण्यापूर्वी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसंबंधी जे मार्गदर्शन केले त्यात हे तत्त्व होते. त्याच वर्षी वांद्रे येथे डॉ. लुइस डिसोझा यांनी ‘शांती आवेदना सदन’ सुरू केले. असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठी भारतातले ते पहिले शुश्रूषागृह. परंतु आपल्याकडे मॉर्फिन म्हटले की अजून घरची माणसे दचकतात. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने ते मिळणेच दुरापास्त केले होते. २०१४च्या दुरुस्तीने कायदा सैलावला. मनातली भीती तितकी सैलावलेली नाही.

राहिला माडीवरचा मुलगा. तो आजारी दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही. सणाला एक करंजी खाल्ल्याने काय होते, असे म्हणून घरातलेच त्याला आग्रह करतात. त्याच्या पायाची संवेदना बोथट झालेली असल्याने शेकण्याच्या पिशवीने कातडी भाजली तरी त्याला कळणार नाही. त्याची शुश्रूषा म्हणजे रोज रात्री दिव्याखाली तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहणे, अनवाणी चालू न देणे आणि करंजीचे ताट पुढून उचलणे. प्रेमाचे हे रूप रुक्ष आहे, कोणी त्याची वाहवा करत नाही. पण पाय वाचतो तो त्यानेच.

तेव्हा सारखे प्रेम करणे म्हणजे सारखे वागणे नव्हे. आजारी माणसे आजारपणामुळे एकसारखी होत नाहीत. उलट निरोगी असताना झाकलेले त्यांचे वेगळेपण आजारात उघडे पडते. शुभवर्तमाने या दृष्टीने पुन्हा वाचावीत. प्रभू येशूने इतके आजारी बरे केले, पण त्याची ठरावीक पद्धत शोधू गेल्यास सापडत नाही. बहिऱ्या माणसाला तो गर्दीतून बाजूला नेतो आणि त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श करतो. ज्याला शब्द ऐकू येत नाही त्याच्याशी स्पर्शानेच बोलायचे असते. कुष्ठरोग्याला, ज्याला कोणी शिवत नव्हते, तो प्रथम शिवतो. शताधिपतीच्या चाकराच्या घरी तो जातही नाही. बेथसैदाच्या आंधळ्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, काही दिसते का म्हणून विचारतो, आणि माणसे झाडांसारखी दिसतात असे उत्तर आल्यावर पुन्हा हात ठेवतो. उपचार करून थांबून विचारणे हे कोणत्याही परिचारिकेला आपलेसे वाटावे. बेथेझदाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्याला तर त्याने आधी हेच विचारले, की तुला बरे व्हायचे आहे काय. आणि याईरची मुलगी उठून बसल्यावर, सगळे आश्चर्याने थक्क झालेले असताना, तिला काहीतरी खायला द्या असे सांगणारा तोच होता. चमत्काराच्या भरात बाकीचे विसरले होते की मुलीला भूक लागली असेल.

आपल्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी भक्तीविषयी असाच विचार मांडला आहे. भक्तिजीवनाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ १६०९ साली प्रसिद्ध झाला. कारागीर, उमराव, विधवा, विवाहिता, नोकर या प्रत्येकाची भक्ती त्याच्या स्थितीला आणि शक्तीला साजेशी असावी. महागुरुस्वामी एकांतवासी संन्याशासारखे राहू लागले तर ते हास्यास्पद ठरेल, असे ते त्यात सांगतात. हे त्यांनी आचरणातही आणले. १६१० साली संत जेन द शांताल यांच्यासह त्यांनी धर्मभगिनींचा जो संघ स्थापला त्यात कठोर तप न झेपणाऱ्या, प्रकृतीने नाजूक अशा स्त्रियांनाही प्रवेश होता, आणि आरंभीच्या वर्षांत त्या भगिनी आजाऱ्यांच्या घरी जात असत. देवाच्या सेवेतही ज्याला त्याला झेपेल ते, असे जर संत म्हणतात, तर आजाऱ्याच्या सेवेत एकच माप सर्वांना लावण्याचे कारण काय?

कारण बहुधा असे असते की निवड करताना आपण आजाऱ्याकडे पाहतच नाही. आपण आपल्याकडे पाहत असतो. आत्याला शेवटी अतिदक्षता विभागात ठेवले नाही तर पाहुणे काय म्हणतील? शेत विकले पण काही कमी केले नाही, असे उद्या सांगता यायला हवे. हा विचार क्रूर नसतो, दुःखातूनच येतो. परंतु तो आत्याचा विचार नसतो. ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत अनेकांना वाटते त्याहून सौम्य आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले की जीव राखण्यासाठी सामान्य उपायांचे बंधन आहे, असामान्य उपायांचे नाही. १९८०च्या घोषणापत्रात तर असेही म्हटले आहे की अपेक्षित परिणामाच्या मानाने अवाजवी असलेला उपचार नाकारणे, किंवा कुटुंबावर अतोनात खर्चाचा भार पडू नये म्हणून तो नाकारणे, ही आत्महत्या नव्हे. कृत्रिम श्वासयंत्राला नको म्हणण्याची मुभा मरणाऱ्याला आहे. ओठ ओले करणे, अंग पुसणे, कूस बदलणे यांना नको म्हणण्याची मुभा मात्र आपल्याला नाही. उपचार थांबू शकतो, शुश्रूषा थांबत नाही.

येथे एक तक्रार नोंदवावीशी वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच सांगितले की ‘अंतिम अभ्यंग’ म्हणण्यापेक्षा ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य. हा साक्रामेंत केवळ घटका मोजणाऱ्यांसाठी नाही. तरीही फादरांना बोलावले की आजारी माणूस घाबरेल म्हणून तो बेशुद्ध होईपर्यंत आपण थांबतो. वेदनाशमनाच्या डॉक्टरांचेही हेच होते. दोघांनाही आपण मरणाचे दूत समजतो, आणि दोघेही बोलायला व ऐकायला कोणी उरलेले नसताना येऊन पोहोचतात.

शुश्रूषा थांबत नाही म्हणजे किती काळ, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात दिले गेले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी वारल्या. या जवळपास बेचाळीस वर्षांत त्यांना भरवले, न्हाऊमाखू घातले, कुशीवर वळवले ते तेथील परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी. एवढ्या काळात अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही, असे सांगतात. ज्यांना असा रुग्ण एक महिना सांभाळावा लागला आहे त्यांनाच या वाक्याचा अर्थ कळेल. ऐंशीच्या दशकात ती खाट रिकामी करण्याचे प्रयत्न झाले तेव्हा परिचारिकांनी विरोध केला. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे जगणे थांबवावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी तो फेटाळताना न्यायालयाने म्हटले की अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे. ज्यांनी सांभाळले त्यांना हा अधिकार मिळाला, हे मला त्या निकालातले सर्वांत न्याय्य विधान वाटते. विराणी यांच्या मनात करुणा नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये.

महानगरपालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात एक खाट चार दशके अडवावी काय, हा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता. ज्या खाटेवर बरे होणारे शेकडो रुग्ण येऊन गेले असते तिचा हिशेब कोणाला तरी करावाच लागतो. आपल्या घाटी रुग्णालयाच्या वॉर्डात तो हिशेब प्रत्येक पाळीला होतो. शैक्षणिक रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. ते प्रत्यक्षात किती उतरते, हे जालना, बीड, परभणीहून आलेल्या आणि सलाईनच्या बाटलीवर डोळा ठेवून रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना विचारावे. तेथे परिचारिकेला आधी कोणाकडे जायचे हे ठरवावे लागते. मोठ्याने कण्हणारा नेहमीच सर्वांत गंभीर असतो असे नाही. कोपऱ्यातला एकाएकी गप्प झालेला अधिक गंभीर असू शकतो. अनुभवी सिस्टर त्या गप्प माणसाकडे आधी जाते आणि कण्हणाऱ्याच्या नातेवाइकांची बोलणी खाते. अरुणा शानबाग यांच्या बाबतीत हिशेब मांडणाऱ्यांची चूक एवढीच होती की त्यांनी शुश्रूषेला उपचार समजले. बरे होणार नसेल तर उपचाराची खाट दुसऱ्याला देता येते. जेवणखाण, स्वच्छता आणि आपल्या माणसांचा सहवास मात्र बरे होण्याच्या अटीवर दिलेला नसतो.

पण तेथे पाळ्या बदलत होत्या, हे विसरून चालणार नाही. औरंगपुऱ्यातल्या त्या घरात पाळी बदलायला कोणी नाही. के. ई. एम.च्या परिचारिकांचा दाखला देऊन सुनेला लाजवणे हा अन्याय होईल. पहाटे दोन वाजता आजोबांची कूस, चार वाजता आत्याचे औषध, आणि सकाळी मुलांचे डबे. असे सहा महिने केल्यावर चौथा रुग्ण तीच होते. तिच्यासाठी काय योग्य, हाही निवडीचाच भाग आहे, आणि घरातले पुरुष तो प्रश्न क्वचितच विचारतात. आजोबांचा हात हलवून घेण्याला स्त्रीचाच हात लागतो असे कोणत्याही वैद्यकात लिहिलेले नाही. माडीवरचा मधुमेही मुलगा हे काम सहज करू शकेल, आणि दुपारी दोन तास धर्मग्रामातले कोणी येऊन बसले तर सून झोपू शकेल.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण इतकी ऐकली आहे की तिचा उत्तरार्ध कानाआड जातो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्या माणसाला उतारशाळेत आणले आणि ती रात्र त्याच्याजवळ काढली. दुसऱ्या दिवशी मात्र तो आपल्या कामाला निघून गेला. सेवा दुसऱ्याच्या हाती सोपवली म्हणून कोणी त्याला बोल लावत नाही. जाताना त्याने रखवालदाराच्या हाती दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी ठेवली आणि अधिक खर्च झाला तर परतल्यावर देईन म्हणून सांगितले. त्याने रखवालदाराकडून धर्मादाय काम करून घेतले नाही.

आता शहरात घरी येऊन आजाऱ्याचे करणाऱ्या बायका मिळतात. आपण त्यांना मावशी म्हणतो. तेवढ्या एका नात्याच्या शब्दावर बारा तासांची रात्रपाळी कमी पैशात पदरात पाडून घेतो. आठवड्याची सुट्टी मागितली तर कपाळाला आठ्या पडतात. आजोबांची कूस दोन तासांनी बदलायची तर ती बदलणारीला पहाटे चहा, बसायला खुर्ची आणि महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार हवा. तिच्याही घरी एखादी म्हातारी पडून असेल, आणि तिची कूस त्या रात्री कोण बदलते, हे आपण तिला अजून विचारलेले नसते.