फाटकाच्या आतली कबर

हिल्टन हेड हे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाचं सुट्टीचं बेट. वाळू, सायकल, गोल्फ. याच बेटावर १८६२ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, गुलामीतून सुटलेल्या माणसांचं मिचेलव्हिल हे गाव वसलं. त्यांनी आपला कारभार आपण चालवला, मुलांना शाळा सक्तीची केली. या किनाऱ्यावरच्या अशा माणसांचे वंशज म्हणजे गल्ला लोक.

१९५६ मध्ये पूल झाला आणि त्यावरून सुट्टी बेटावर आली. जमिनीचे भाव चढले, कर चढले, अनेकांच्या जमिनी गेल्या. आज काही जुन्या दफनभूमी बंदिस्त वसाहतींच्या आत आहेत. पणजोबांच्या कबरीवर जायचं तर पणतूला फाटकावर थांबावं लागतं. आपण बुकिंग दाखवून आत जातो.

मग जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. आपण न गेल्याने गोल्फ थांबणार नाही. मिचेलव्हिल बघणारा एक माणूस तेवढा कमी होईल. पण वारसास्थळं बघितली म्हणजे हिशेब फिटला, असंही नाही. ज्या पुलामुळे त्यांची जमीन गेली, त्याच पुलावरून आपण आलोय.

फरक गिऱ्हाईक आणि पाहुणा यांच्यात आहे. पैसे दिले की सगळं दिसलंच पाहिजे, असं गिऱ्हाइकाला वाटतं. पाहुणा आधी घरच्यांना विचारतो. म्हणून वाटाड्या गल्लाच शोधावा, गवताच्या टोपलीसाठी घासाघीस करू नये. आणि कबरींपाशी कुणी 'फोटो नको' म्हणालं, तर फोन खिशात टाकावा. त्यांचा नकार ऐकून घेणारे या बेटावर फार थोडे आले.