काजूचे रोप आणि परक्याची जमीन

वाचकहो, झाड लावणे पुण्याचे आहे, हे आपल्यापैकी कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या शिकवणीचा आशय बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आला आहे. मिंबरवरून मी तो अनेकदा सांगितला आहे. गेल्या पावसाळ्यात चेणे येथे एका मुलाने मला प्रश्न विचारला, तेव्हा ध्यानात आले की मी आजवर निम्मीच गोष्ट सांगत होतो.

या मुलाने घरी काजू रुजवला होता. आधी त्याने दुकानातले गर पेरले. ते भाजलेले वा वाफवलेले असतात, ते कुजले. मग आजोळहून, रत्नागिरीकडून, सालासकट ताज्या बिया आल्या. पाण्यात ज्या बुडाल्या त्याच त्याने निवडल्या, दोन दिवस भिजवल्या आणि देठाची बाजू वर ठेवून दोन बोटे खोल लावल्या. (सालातल्या तेलाने कातडीवर फोड येतात, कच्ची बी मुलांच्या हाती देताना आईबापांनी जपावे.) सुमारे तीन आठवड्यांनी कोंब वर आला. दाणा आणि बी फोडणारा अल्लाहच आहे, हे सूरह अल-अन्आममधून त्याने पाठ केले होते. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिले.

काजूचे सोटमूळ मोठे घाईचे. कुंडीत ते वळसे घेऊ लागते, म्हणून रोप लवकर जमिनीत जावे लागते. मुलाचे कुटुंब भाड्याच्या खोलीत राहते. समोर डोंगर, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. “डोंगर तर अल्लाहचाच ना, मौलाना? तिथे लावू?” मी चटकन हो म्हणालो.

रात्री अबू दाऊदमधील एक प्रसंग आठवला आणि झोप उडाली. एकाने दुसऱ्याच्या जमिनीत खजुरीची झाडे लावली होती. तंटा प्रेषितांपुढे (सल्ल.) आला. जमीन मालकाची, लावणाऱ्याने आपली झाडे काढून न्यावीत, असा निवाडा झाला. त्या झाडांच्या मुळांवर कुऱ्हाडी पडताना आपण पाहिल्या आणि ती चांगली उंच वाढलेली होती, असे निवेदकाने सांगितले आहे. झाडाला सदका म्हणणाऱ्यांनीच हा निवाडा दिला! त्या खजुराही पाखरांनी खाल्ल्याच असत्या.

तुम्ही म्हणाल, ओसाड डोंगरावर एक झाड वाढले तर कोणाचे काय गेले? मलाही तसेच वाटले होते. पण दुसऱ्याच्या थैलीतून दिलेले दान हे दान नव्हे. आपल्या कोकणी जमातीत शाफई मसलक चालतो. त्यातील इमाम नववी (मृत्यू १२७७) ‘मिन्हाज’मध्ये पुराने वाहून गेलेल्या बीचा विचार करतात. ती परक्याच्या शेतात रुजली, तर रोप बीच्या मालकाचे. तरीही अधिक ग्राह्य मतानुसार त्याला ते उपटावे लागते. इथे पेरणाऱ्याची निय्यतही नाही, चूकही नाही. मग ज्याने स्वतःच्या हाताने खड्डा खणला, त्याने काय म्हणावे? शिवाय रानात काय उगवावे, यावर तिथल्या जीवांचाही हक्क आहे. काजू हा मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो इथे आणला. ज्यांनी घोडबंदरचा किल्ला बांधला तेच हे. कोकणाने काजूला आपलेसे केले, ही गोष्ट निराळी.

सकाळी मी मुलाला सांगितले, “काल माझे चुकले.” मग आम्ही कुंडी घेऊन जवळच्या एका वाडीवाल्याकडे गेलो. त्यांनी बांधालगतची जागा दाखवली. मात्र उद्या जमीन विकली, तर झाड जमिनीबरोबर जाईल, हे आधीच बजावले. मी काहीच बोललो नाही. मुलाने थोडा विचार केला आणि खड्डा खणायला कुदळ मागितली.

रोप आता गुडघाभर झाले आहे. वाडीच्या सौद्याची बोलणी चालू आहेत, असे कानावर येते.