कडोळीचा माणूस, चित्रकूटची माती

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात कडोळी नावाचे गाव आहे. 11 ऑक्टोबर 1916 रोजी तिथे जन्मलेला चंडिकादास अमृतराव देशमुख नावाचा मुलगा पुढे नानाजी देशमुख म्हणून देशभर ओळखला गेला. 1999 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, 2019 मध्ये, भारतरत्न. जिल्ह्याला त्यांचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. मात्र ज्या कामामुळे हा मान मिळाला, ते काम इथून शेकडो कोस दूर, आधी उत्तर प्रदेशातल्या गोंड्यात आणि नंतर चित्रकूटच्या डोंगराळ पट्ट्यात उभे राहिले. त्या कामात माती आणि पाणी कुठे होते, हे नीट पाहिले तर सेनगाव-औंढ्याच्या माळांवर आज काय करायला हवे, याचाही अंदाज येतो.

या भागाला अशा दूर गेलेल्या माणसांची सवय आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी इथलेच, कयाधू नदीच्या काठावरचे. औंढा नागनाथच्या विसोबा खेचरांनी त्यांना गुरुबोध दिला आणि नामदेव थेट पंजाबातल्या घुमानपर्यंत पोहोचले.

नानाजींचे लहानपण उपकाराच्या आधारावर गेले. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. मामांच्या आधाराने रिसोडला काही वर्षे गेली. वह्या-पुस्तकांसाठी या मुलाने भाजी विकली, देवळांतून मुक्काम केला. पुढे राजस्थानातल्या सीकरला शाळा झाली आणि तिथल्या रावराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीने हात दिला. मग पिलानीचे बिर्ला महाविद्यालय. म्हणजे नात्यातल्या, परक्या, धनिक, संस्थानिक अशा अनेकांनी या मुलाच्या पदरात थोडे थोडे टाकले होते. लहानपणी असे घेऊन मोठी झालेली माणसे पुढे दोन तऱ्हांनी वागतात. काहींना ते घेणे विसरायचे असते. काहींना ते फेडायचे असते, आणि ज्यांनी दिले ते फेड मागायला समोर नसल्यामुळे ती फेड दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात जाऊन करावी लागते. नानाजी दुसऱ्या तऱ्हेचे.

त्यांच्या राजकारणाबद्दल मते वेगवेगळी आहेत आणि राहतील. ते संघाचे प्रचारक होते, जनसंघाचे संघटक होते. 1974 मध्ये पाटण्यात जयप्रकाश नारायणांवर लाठी उगारली गेली तेव्हा ती त्यांनी अंगावर घेतली. 1977 मध्ये बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आले, मंत्रिपद समोर असताना ते नाकारले. 1978 मध्ये, साठी ओलांडलेल्यांनी सत्तेचे राजकारण सोडून समाजात जावे असे म्हणत ते स्वतः बाहेर पडले. असा उपदेश करणारे आजही पुष्कळ भेटतात. सांगितल्याप्रमाणे ज्याने केले, असा माणूस दाखवायचा तर फार शोधावे लागते.

गोंड्यात त्यांनी पहिल्यांदा शेताला पाणी आणि हाताला काम या दोन गोष्टी धरल्या. तिथे भूजल वर होते, पण ते उपसायला लहान शेतकऱ्याकडे पैसा नव्हता. त्यांच्या दीनदयाल शोध संस्थानने हजारोंनी उथळ कूपनलिका घेतल्या आणि लोखंडी पाइप महाग पडतो म्हणून त्या भागात मिळणारा बांबू वापरला. गरिबाच्या खिशाला परवडेल असेच तंत्र शोधायचे, ही त्यांची दृष्टी यातून दिसते. चित्रकूटची गोष्ट याहून अवघड होती. बुंदेलखंडाचा तो सगळा प्रदेश चढउताराचा, खडकाळ. पाऊस आला की पाणी धावत सुटते आणि माती सोबत घेऊन जाते. सेनगावच्या शेतकऱ्याला हे वर्णन वेगळे समजावून सांगायला नको.

तिथे त्यांनी 1991 मध्ये ग्रामोदय विद्यापीठ उभे केले. त्यासोबत कृषी विज्ञान केंद्र, आरोग्यधाम, उद्योजकता विद्यापीठ, शाळा असा मोठा व्याप वाढला. पाणलोटाची कामे झाली, नाल्यांवर बांध पडले. अडीच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे घर धान्य, भाजीपाला, फळझाडे आणि जनावरे यांच्या मेळातून कसे चालेल, याचे नमुने तयार झाले. यासाठी देशातल्या उद्योगपतींशी असलेली ओळख त्यांनी मोकळ्या हाताने वापरली. स्वतःच्या नावावर काही नसलेला हा माणूस दुसऱ्यांच्या तिजोऱ्या गावांसाठी उघडून घेई. दानशूर म्हणजे गडगंज, ही आपली समजूत त्यांच्यापुढे टिकत नाही.

पण इमारती आणि निधी यांच्यापेक्षा त्यांची एक कल्पना अधिक मोलाची होती, ती म्हणजे समाजशिल्पी दांपत्य. शिकलेले, पदवीधर नवरा-बायको निवडायचे आणि त्यांनी गावात जाऊन घर करून राहायचे. आसपासची चार-पाच गावे त्यांच्याकडे. त्यांनी भाषण द्यायचे नाही, तिथला संसार करायचा. मुलांना शिकवायचे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, बियाण्याची चौकशी करायची, आणि बांध फुटला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे उभे राहायचे. पैशाने बांध एकदा घालता येतो. दर पावसाळ्यात तो कुठे खचला हे पाहणारा माणूस गावात राहत असेल तरच तो टिकतो. नानाजींनी देणगीचे रूप बदलले. पैशाआधी त्यांनी गावाला माणसांची वर्षे दिली.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आपले फार कमी लक्ष गेले आहे.

2005 मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम चित्रकूटला गेले होते. परतल्यावर त्यांनी आपल्या भाषणांत ज्या गोष्टीचा आवर्जून उल्लेख केला, ती धरणांची किंवा इमारतींची नव्हती. परिसरातली सुमारे 80 गावे जवळपास तंटामुक्त झाली आहेत, वाद कोर्टात न नेता गावातच मिटवायचा असे तिथल्या लोकांनी ठरवले आहे, याचे त्यांना अप्रूप वाटले. माणसे आपसांत भांडत राहिली तर त्यांना ना स्वतःच्या विकासाला वेळ उरतो ना गावाच्या, हे नानाजींनी कलामांना सांगितलेले कारण.

मराठवाड्यात राहणाऱ्याने हे कारण शेतात नेऊन पाहावे. आपल्याकडे जमीन खरवडण्याची सुरुवात बहुधा बांधापासून होते. नांगर दरवर्षी बांधाला वीतभर आत लागतो, बांध कोरला जातो. ज्याचा कोरला तो पुढच्या वर्षी आपल्या बाजूने कोरतो. मोजणी येते, दगड रोवले जातात, ते रातोरात हलतात, मग तहसील, मग कोर्ट. दोन भावांच्या मधला चार फूट रुंदीचा बांध अखेर वीतभर उरतो. त्याच्यावरची बोर, बाभूळ, कडुनिंब आधीच तुटलेली असते. जुलैत एका दिवसात ढगफुटीसारखा पाऊस कोसळला की त्या बारक्या बांधावरून पाणी सरळ खाली उतरते आणि सोयाबीनच्या कोवळ्या ओळींसकट वरची काळी माती नाल्यात नेते. पुढे ती कयाधूत, तिथून पैनगंगेत. ती माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागलेली असतात. कोर्टाचा निकाल ज्याच्या बाजूने लागतो, त्याच्याही शेतातून ती गेलेली असते.

पाण्याला सातबारा कळत नाही. वरच्याने बांध घातला तर खालच्याच्या विहिरीला पाझर फुटतो. वरच्याने नाही घातला तर खालच्याने कितीही खर्च करून चर खोदले तरी पहिल्याच लोंढ्यात ते बुजतात. म्हणून भूसंधारण हे एकट्याच्या पुण्याईने होणारे काम नाही. शेजाऱ्याशी बोलणे बंद असलेला शेतकरी कितीही कष्टाळू असला तरी आपली माती वाचवू शकत नाही. चित्रकूटमध्ये तंटे मिटवणे आणि पाणी अडवणे ही एकाच कामाची दोन अंगे होती. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये आणलेल्या सलोखा योजनेत, एकमेकांच्या जमिनीचा ताबा बारा वर्षांहून अधिक काळ असलेल्या शेतकऱ्यांना नाममात्र शुल्कात अदलाबदलीचा दस्त करता येऊ लागला. मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी शुल्क हजार रुपये. कागदावर ही महसूल खात्याची योजना आहे, पण ती जिथे वापरली गेली तिथे मातीच्या रक्षणातला पहिला अडथळा दूर झाला, असेच म्हणावे लागेल.

मदत हवी तर आधी एकत्र या, अशा अटी देणाऱ्याने घालाव्यात का, हा प्रश्न इथे उभा राहतो. अटी घालून दिलेले ते दान कसले, असे आपले मन म्हणते. याचे सर्वांत स्पष्ट उत्तर महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका मोठ्या मनाच्या माणसाने दिले. पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले आणि रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झाले. ज्या हातांनी माती-पाण्याचे काम करून दुष्काळच हटवता आला असता, ते हात दगड फोडत होते. त्यांनी नायगावात देवस्थानची 40 एकर पडीक जमीन कराराने घेतली, उताराला समतल बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर घेतली आणि तिथेच बिऱ्हाड केले. पत्नी कल्पनाताई सोबत होत्याच. मुरमाड जमीन पिकू लागली, तेव्हा आसपासची गावे विचारायला आली.

मग त्यांनी पाणी पंचायतीचे नियम मांडले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता घरातल्या माणसांच्या प्रमाणात वाटायचे. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. आणि योजनेच्या खर्चातला 20 टक्के भाग शेतकऱ्यांनी स्वतः उभा करायचा. 50 टक्के सरकारी अनुदान, उरलेले 30 टक्के त्यांच्या ग्रामगौरव प्रतिष्ठानकडून बिनव्याजी. पूर्ण रक्कम देण्याची सोय लावता आली असती, तरी त्यांनी ती वीस टक्क्यांची अट ठेवली. कारण ज्याने पदरचे घातले तोच पुढे पाळीवर भांडल्याशिवाय पाणी घेतो आणि चारी फुटली तर फावडे घेऊन धावतो. फुकट मिळालेल्या कामाची राखण सरकारने करावी, अशी वाट माणूस पाहत बसतो. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी सुरुवातीच्या काळात साळुंख्यांचे काम जाऊन पाहिले आणि त्यातून धडा घेतला, हे सर्वश्रुत आहे. 2002 मध्ये साळुंखे गेले. त्यांचे नाव आज नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही, ही महाराष्ट्राची कृतघ्नता आहे.

आता हिंगोलीकडे येऊ. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा दोन तोंडांचा आहे. वसमतकडे पूर्णा प्रकल्पाचे पाणी, खोल काळी जमीन आणि नावाजलेली हळद. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या डोंगरउतारांवर हलकी जमीन आणि पावसावरचे सोयाबीन. या उतारांवर नानाजींचे नाव एका वेगळ्या वाटेने परत आले आहे. जागतिक बँकेच्या साह्याने 2018 पासून राज्यात राबवलेल्या हवामान अनुकूल शेती प्रकल्पाला नानाजी देशमुख कृषी संजीवनी हे नाव देण्यात आले. पहिल्या टप्प्यातल्या 5,142 गावांत हिंगोली जिल्ह्यातली गावेही होती. शेततळी, ठिबक, फळबाग, रुंद वरंबा सरीवरची पेरणी, बांधबंदिस्ती, नाल्यांची कामे यांसाठी पैसा आला, थेट खात्यात आला आणि गावोगाव ग्राम कृषी संजीवनी समित्या झाल्या.

काम मोठे आहे, त्याचा लाभ अनेकांना झाला. तरीही या योजनेत नानाजींचे नाव जितके आहे तितकी त्यांची रीत आहे का, हे गावांनी स्वतःला विचारायला हवे. गावात समितीची चर्चा निघते ती बहुतेकदा अनुदानाच्या अर्जापुरती. शेततळे आणि ठिबक ही एकेका शेतकऱ्याच्या नावावरची कामे, त्यांना मागणी भरपूर. उताराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळ्यांनी मिळून करायचे चर आणि बांध मात्र मागे पडतात, कारण त्यासाठी आधी चार शेजाऱ्यांना एकत्र बसावे लागते. हे बसवण्याचे काम कुठल्याही कृषी सहाय्यकाकडून होणार नाही; त्याच्याकडे गावे अनेक आणि कागद त्याहून अनेक. ते काम नानाजींच्या दांपत्यांसारखी, गावात राहणारी माणसेच करू शकतात. जिल्ह्यात अशी माणसे नाहीत असे नाही. कयाधूला पुन्हा वाहते करण्यासाठी उगम ग्रामीण विकास संस्था आणि जयाजी पाईकराव यांनी नदीकाठच्या गावांना सोबत घेऊन काम केले आहे. कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र सल्ल्याला आहे. पण प्रत्येक गावात एखादा निवृत्त गुरुजी, एखादी बचत गटाची ताई, शिकून परत आलेला एखादा तरुण हे काम अंगावर घेणार नसेल, तर नाव कितीही मोठे असले तरी ते फलकावरच राहील.

27 फेब्रुवारी 2010 रोजी चित्रकूटमध्ये नानाजींचे निधन झाले, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. देहदानाचा संकल्प त्यांनी बरीच वर्षे आधी केलेला होता. त्यानुसार त्यांचा देह वैद्यकीय अभ्यासासाठी दिल्लीच्या एम्सकडे देण्यात आला. जाळण्या-पुरण्यासाठीही त्यांनी काही मागे ठेवले नाही.

त्यांच्या जयंतीचा आणि पुण्यतिथीचा दिवस शेतकऱ्याच्या कामाच्या दिनमानात नेमका बसतो. 11 ऑक्टोबरच्या सुमारास पाऊस ओसरलेला असतो, नाल्यातली धार अजून वाहती असते आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायला हीच वेळ असते. 27 फेब्रुवारीला रब्बीची काढणी सुरू होत असते आणि पुढचे तीन महिने बांध नीट करायला रान मोकळे असते. कडोळीने, सेनगाव तालुक्याने आणि कृषी संजीवनीतल्या प्रत्येक गावाने या दोन दिवशी प्रतिमेला हार घालावा, जरूर घालावा. त्याआधी सकाळी गावातल्या एका नाल्याच्या माथ्यापासून तोंडापर्यंत सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून चालत जावे, कोरलेले बांध पाहावेत, आणि ज्यांचे बोलणे बंद आहे अशा दोन शेजाऱ्यांना त्या दिवशी एका बांधावर बसवावे.