निरोप कुणाचा घ्यावा?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला. वरवर पाहता तो अगदी घरगुती होता. परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता मला तथागतांच्या अखेरच्या रात्रीपर्यंत जावे लागले. आपल्यापैकी अनेक घरांत तो केव्हा ना केव्हा उभा राहणार आहे, म्हणून तो येथे मांडतो.

माझे दाजी सैन्यात हवालदार आहेत. परदेशातील आपल्या एका वकिलातीत, संरक्षण विभागाच्या कार्यालयात, त्यांची तीन वर्षांसाठी नेमणूक झाली. ताई आणि दोन्ही मुलेही बरोबर जाणार होती. आमच्या घराण्यातून सहकुटुंब समुद्रापलीकडे जाणारे हे पहिलेच कुटुंब. महिनाभराच्या रजेवर मंडळी कल्याणला, कोळसेवाडीत आमच्याकडे आली आणि निरोपाच्या भेटींची यादी करायचे ठरले. मी शाळामास्तर, तेव्हा यादी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आत्या, डोंबिवलीत मावशी, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले मामा, उल्हासनगरात ताईची शाळेतली मैत्रीण, आणि ज्या विहारात ताईने लहानपणी पंचशील पाठ केले ते विहार. यादी वाचून दाखवली. आईने ती शेवटपर्यंत ऐकली आणि एवढेच विचारले, "नानांकडे कधी जाणार?"

नाना म्हणजे आमचे सख्खे चुलते. ते मुरबाड तालुक्यात, आमच्या मूळ गावी राहतात. त्यांचे नाव मी लिहिले नव्हते आणि ताईनेही विचारले नव्हते.

कारण सांगितले पाहिजे. आमच्या वडिलांनी उतारवयात, आम्हा मुलांबरोबर, धम्मदीक्षा घेतली. नानांनी घेतली नाही. त्यांच्या घरात देव्हारा होता, तो आजही आहे. वडील वारले तेव्हा दहावा-तेराव्याचे विधी करावेत असा नानांचा आग्रह होता. आम्ही भिक्खूंना बोलावून पुण्यानुमोदन केले. ते योग्यच केले. परंतु त्या दिवशी भरल्या घरात ताई नानांना म्हणाली, "तुमच्या देवांनी माझ्या बापाला वाचवलं का?" नाना उठले, चपला पायांत घातल्या आणि निघून गेले. सख्खा भाऊ गेलेल्या म्हाताऱ्याला आम्ही घरातून तसे जाऊ दिले. मी बोललो नाही, हे खरे. पण मनातून मला बरे वाटले होते, हेही खरे. त्याला नऊ वर्षे झाली.

आता घरात दोन मते पडली. ताई म्हणाली, "तिथे गेले की काकू ओटी भरणार, देवापुढे नारळ फोडायला लावणार. मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. जायचं कशाला?" कॉलेजात जाणारा माझा पुतण्या त्याहून पुढे गेला. तो म्हणाला, "सगळं अनित्य आहे, आसक्ती हेच दुःखाचं मूळ. मग ही घरोघर जाऊन रडारड तरी कशाला? मोबाईलवर रोज तोंड दिसणार आहे."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. म्हणून मी ग्रंथ उघडले.

परमपूज्य डॉ. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने मध्यरात्री, पत्नी व मूल झोपेत असताना, कुणालाही न सांगता घर सोडले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. त्यांच्या ग्रंथातला सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेल्या युद्धाला विरोध करतो, त्यापायी परिव्रज्या पत्करतो आणि ती गोष्ट आईवडिलांना समोर बसून सांगतो. यशोधरेलाही सांगतो आणि तिची संमती घेतो. जो पुढे जगाला अनासक्ती शिकवणार होता, तो घरातून निघताना कुणाला फसवून निघाला नाही. न सांगता जाणे याला अनासक्ती म्हणत नाहीत. ते फार तर समोरच्याच्या डोळ्यांतील पाणी पाहण्याचे भय असते.

या भयाची किंमत आमच्या घराने मोजली आहे. आज जे उल्हासनगर आहे, तेथे दुसऱ्या महायुद्धात सैन्याची मोठी छावणी होती. पुढे तेथे सिंधी निर्वासित आले, १९४९ साली उल्हासनगर हे नाव पडले. तरी लोक अजून 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असेच म्हणतात. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ युद्धाच्या काळात फौजेत मजूर म्हणून भरती झाले होते. १८९० नंतरच्या दशकात ज्यांच्यासाठी लष्कराचे दरवाजे बंद झाले, त्या आपल्या लोकांसाठी ते पुन्हा उघडत होते. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली होती. त्यांची तुकडी बोटीवर चढण्यापूर्वी याच कॅम्पात होती. घर एका दिवसाच्या वाटेवर. पण आई रडेल म्हणून ते भेटायला आले नाहीत. नंतर कुणाकडून तरी निरोप आला. ते परतले नाहीत. आमची पणजी पुढे कितीतरी वर्षे जगली आणि सुनांना एकच वाक्य ऐकवीत राहिली, "मला सांगून गेला असता, तर मी भाकरी तरी बांधून दिली असती." मुलाने आईचे एका दिवसाचे रडणे वाचवले आणि तिच्या पदरात जन्माची हळहळ टाकली.

आता महापरिनिब्बान सुत्ताकडे वळू. वैशाली सोडताना तथागतांनी मागे वळून त्या नगरीकडे पाहिले आणि हे आपले शेवटचे दर्शन असल्याचे आनंदाला सांगितले. चुंद लोहाराघरच्या भोजनानंतर ते आजारी पडले, तेव्हा चुंदाच्या मनाला टोचणी लागू नये म्हणून त्यांनी आनंदाजवळ निरोप ठेवला. कुसिनाऱ्यात शालवृक्षांखाली पडून असताना त्यांनी आनंदाला गावात पाठवले : मल्लांना कळव, की आज रात्रीच्या शेवटच्या प्रहरी तथागतांचे परिनिर्वाण होणार आहे, आपल्या गावात असूनही आपली भेट झाली नाही, अशी हळहळ त्यांना मागाहून वाटू नये. मल्ल बायकामुलांसह आले. एकेकाची भेट घडवली तर रात्र सरेल म्हणून आनंदाने एकेक कुटुंब पुढे आणले, आणि पहिल्या प्रहरातच सर्वांची भेट झाली.

बंधूंनो, ज्याची तृष्णा संपूर्ण नष्ट झाली होती, त्याने ही भेट स्वतःसाठी खास घडवली नव्हती. मागे राहणाऱ्यांना पश्चात्ताप राहू नये, यासाठी ती होती. आणि त्याच रात्री आनंद दाराला टेकून रडत होता, तेव्हा तथागतांनी त्याला बोलावून अनित्यतेची आठवण दिली, आणि त्याच बैठकीत त्याने वर्षानुवर्षे प्रेमाने केलेल्या सेवेची प्रशंसाही केली. अनित्यता आणि कृतज्ञता या दोन्ही गोष्टी एकाच तोंडून आल्या. माझ्या पुतण्याने पहिली तेवढी घेतली होती. सारे अनित्य आहे, म्हणूनच भेट आज घ्यायची असते. नित्य असते तर उद्या घेतली असती.

राहिला ताईचा प्रश्न. देव्हारा असलेल्या घरी जावे का? याचे उत्तर सिगालोवाद सुत्तात मिळते. राजगृहाचा सिगाल ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता, कारण मरताना बापाने तसे सांगितले होते. तथागतांनी त्याची टर उडवली नाही. त्यांनी दिशांचा अर्थ बदलला : पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार, वरची म्हणजे श्रमण. नमस्कार दिशेचा काढून माणसाला दिला. ताईच्या प्रतिज्ञेने देवांना वंदन करणे थांबवले आहे, चुलत्याला वंदन करणे नव्हे. देव्हाऱ्यापुढे न वाकणे हे जितके धम्माला धरून आहे, तितकेच बापाच्या भावापुढे वाकणेही आहे.

शेवटी आम्ही गेलो. कल्याणहून एस.टी.ने गेलो. नाना ओट्यावर बसले होते. दृष्टी अधू झाली आहे, आवाजावरून ओळखले. ताई त्यांच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "नाना, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. धम्माचं काही चुकलं नाही, माझी जीभ चुकली." नाना बराच वेळ बोलले नाहीत. काकू ताटात हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. ताई म्हणाली, "काकू, नारळ द्या, घरी नेऊन कालवणात घालीन. देवापुढे मात्र फोडायला लावू नका." त्यावर नाना म्हणाले, "म्हणजे खायचा नारळ तुला चालतो!" आणि सगळे हसले. निघताना त्यांनी विचारले, "परत कधी?" "तीन वर्षांनी." "तोवर मी कुठला!" तेव्हा मात्र ताईला रडू आवरले नाही. नाना आजही विहारात येत नाहीत. येतील असेही मी म्हणत नाही. आम्ही त्यांना धम्मात ओढायला गेलो नव्हतो. आमच्याकडे बाकी असलेले फेडायला गेलो होतो.

एक दोष मात्र मला यादीतल्या इतर भेटींत दिसला, तोही सांगतो. आपली वस्ती गरीब आहे. परदेशी जाणारी माणसे दारात आली की यजमानीण उसने आणून आहेर करते. एका विधवा मावशीने दुकानातून उधारीवर साडी आणली होती. ताईने साडी परत करायला लावली आणि तिच्याकडचे लोणचे मागून घेतले. ही समजूत प्रत्येक पाहुण्याने दाखवली पाहिजे. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात एक प्रसंग नोंदवला आहे. सुभेदार रामजी अत्यवस्थ असल्याचे कळताच भीमराव बडोद्याहून निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांनी देह ठेवला, तेव्हा त्यांची शोधणारी नजर मुलाच्या चेहऱ्यावर येऊन थांबली होती. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला गेले. बापाला मिठाई नको होती, मुलाचे तोंड पाहायचे होते. आहेर-मानपानाच्या पायी आपली गाडी चुकू नये, एवढे यातून आपण घ्यावे.

म्हणून माझे सांगणे असे. घर सोडताना यादी अवश्य करावी. परंतु जेथे कौतुक होणार आहे ती घरे आधी लिहू नयेत. जेथे आपली जीभ चुकली, जेथे आपले देणे राहिले, ते घर सर्वांत आधी लिहावे. मोबाईलवर तोंड दिसते, हे खरे. पण नऊ वर्षांत मोबाईल आमच्या खिशात होताच, आणि आम्ही नानांना एकदाही फोन केला नव्हता.

यादी लिहिणारा मी होतो. नानांचे नाव आईने लिहायला लावले. ती शाळेत गेलेली नाही.

जयभीम.