सर्वांत मागे चालणारा



पेसाहची सुट्टी जवळ आली आहे. आपल्या तरुण मंडळाची मुले-मुली यंदा 'याम ले-याम' म्हणजे समुद्रापासून समुद्रापर्यंतच्या पदयात्रेला निघणार आहेत. मोठ्या समुद्राच्या काठी अखझीव येथून निघावयाचे, नाहाल कझीवच्या झाडीतून, मोंफोर्टच्या पडक्या किल्ल्याखालून वर चढावयाचे, मेरोनचा डोंगर ओलांडावयाचा आणि नाहाल अमूदच्या दरीने उतरत किन्नेरेथच्या पाण्यापाशी पोहोचावयाचे. वाट सुमारे ७० ते ८० किलोमीटरची, दिवस चार. पाठीवर शिधा आणि बिछाना, रात्री उघड्या आकाशाखाली तळ. मेरोनचे शिखर १,२०८ मीटर उंच, तर किन्नेरेथ समुद्रसपाटीच्याही सुमारे २१० मीटर खाली. म्हणजे चढताना छातीची आणि उतरताना गुडघ्यांची परीक्षा आहे.

गेल्या काही शब्बाथांना प्रार्थना संपल्यावर आईवडील मला गाठून विचारतात, "पुढे कोण चालणार? मद्रीख जाणता आहे ना? त्याला वाट ठाऊक आहे ना?" प्रश्न रास्त आहे. पण मला दुसराच प्रश्न विचारावासा वाटतो. सर्वांत मागे कोण चालणार?

ज्यांनी तियुल केला आहे त्यांना ठाऊक आहे की, रांगेच्या पुढे एक जण असतो, त्याच्या पुढे कोणी जावयाचे नाही. आणि रांगेच्या शेवटी एक जण असतो, त्याच्या मागे कोणी राहावयाचे नाही. या शेवटच्याला येथे 'मेआसेफ' म्हणतात, म्हणजे गोळा करणारा. आपल्या मुलांना वाटते की हा शब्द लष्करातून आला. मुलांनो, तो शब्द तोरातून आला आहे.

बेमिदबार या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात इस्राएल लोक सीनायहून कसे निघाले त्याचे वर्णन आहे. मिसर सोडल्याचे दुसरे वर्ष, दुसरा महिना, विसावी तारीख. चार निशाणे, चार छावण्या. प्रथम यहूदाचे निशाण, मग रऊबेनचे, मग एफ्राइमचे आणि सर्वांत शेवटी दानचे. त्या दानच्या छावणीलाच तोराने सर्व छावण्यांचा मेआसेफ असे म्हटले आहे. आता गंमत पाहा. शेवटी दुबळ्यांना ठेवले असेल असे कोणास वाटेल. पण गणनेचे आकडे काही वेगळेच सांगतात. दानच्या वंशात लढण्याजोगे पुरुष ६२,७०० होते. यहूदाचे ७४,६०० सोडले तर इतकी संख्या दुसऱ्या कोणत्याही वंशाची नव्हती. बाराही वंशांत क्रमांक दोनचा बळकट वंश परमेश्वराने शेपटीला ठेवला!

असे का? याचे उत्तर आदल्या वर्षाच्या घटनेत आहे, असे मला वाटते. सीनायला पोहोचण्यापूर्वी रफीदीम येथे अमालेक इस्राएलवर चालून आला. मोशे रब्बेनू आपल्या अखेरच्या दिवसांत लोकांना त्याची आठवण देताना सांगतात की, अमालेकने आघाडीवर हल्ला केला नाही. थकूनभागून जे मागे रेंगाळले होते, त्यांना त्याने कापून काढले. पुढचे लोक चालत राहिले आणि मागच्यांवर काय गुदरले ते त्यांना कळलेही नसेल. शत्रूला आपले दुबळे ठिकाण चटकन दिसते. आपल्याला ते दिसत नाही, कारण आपण पुढे पाहून चालत असतो. म्हणून नंतरच्या प्रवासात पिछाडीला दानसारखा दणकट वंश आला.

यरुशलायमी तालमूदाच्या आधारे राशी हे महान भाष्यकार आणखी एक गोष्ट सांगतात. वाटेत कोणाचे काही पडले, हरवले, तर मागून येणारे दानचे लोक ते उचलीत आणि ज्याचे त्याला परत करीत. म्हणजे त्यांचे काम केवळ तलवारीचे नव्हते. खाली वाकून पाहण्याचेही होते. कोणाचे भांडे, कोणाची चप्पल, कोणाचे लेकरू!

दानच्या छावणीत आणखी दोन वंश होते, आशेर आणि नफताली. पुढे देशाची वाटणी झाली तेव्हा यहोशुवाच्या ग्रंथाप्रमाणे अखझीव आशेरच्या वाट्याला आले आणि किन्नेरेथ नफतालीच्या. मुलांनो, तुमची वाट आशेरच्या गावी सुरू होऊन नफतालीच्या गावी संपते. वाळवंटात जे सर्वांच्या मागे चालले, त्यांच्याच वतनातून तुम्ही चार दिवस चालणार आहात. त्या भूमीवर मागच्याला टाकून कसे चालेल?

आता व्यवहाराचे बोलतो. डोंगरात चालताना एक अन्याय नकळत घडतो. पुढची दणकट मुले सावलीच्या जागी आधी पोहोचतात. बसतात, पाणी पितात, खजूर खातात, गाणी म्हणतात. पंधरा मिनिटांनी मागचा मुलगा धापा टाकीत येतो. त्याला पाहताच पुढचे म्हणतात, "चला, आले सगळे, निघू या!" ज्याला विश्रांतीची कमी गरज त्याला पंधरा मिनिटे मिळाली. ज्याला जास्त गरज त्याला एक मिनिटही नाही. कोणी दुष्टपणा केला नाही, तरी अन्याय झाला. म्हणून नियम करा की, विश्रांतीची वेळ शेवटचा मनुष्य खाली बसल्यापासून मोजावयाची. पुढच्यांनी घड्याळ पाहू नये, मेआसेफने पाहावे.

याला तोराचा आधार हवा असेल तर तोही आहे. मिर्यामला कोड फुटले आणि तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवावे लागले, तेव्हा ती परत येईपर्यंत सबंध इस्राएल जागचा हलला नाही. मिश्नाच्या सोता या भागात आपले गुरू म्हणतात की, लहानगी मिर्याम नदीकाठी बाळ मोशेकरिता थोडा वेळ थांबली होती, म्हणून सारे राष्ट्र तिच्याकरिता सात दिवस थांबले. एका बाईसाठी लाखो लोकांचा मुक्काम! आपल्याला पंधरा मिनिटे जड का व्हावीत?

आणि आपले पिता याकोब पाहा. एसाव म्हणाला, चल, बरोबर निघू. याकोबने नम्रपणे सांगितले की, मुले कोवळी आहेत, गुरे-मेंढरे अंगावर पाजणारी आहेत, एक दिवस जरी त्यांना हाकलून दामटले तरी कळप मरेल. मी मुलांच्या पावलाने सावकाश येतो. याकोबने चाल ठरविताना स्वतःचे पाय मोजले नाहीत, लेकरांचे मोजले.

मात्र मागे राहणाऱ्यालाही एक शब्द सांगावयाचा आहे. ओझ्याखाली पडलेले जनावर दिसले तर त्याच्या धन्याला मदत करावी अशी तोराची आज्ञा आहे. पण मिश्ना म्हणते, धनी स्वतः बाजूला बसून "आज्ञा तुला आहे, तूच ओझे उतरव" असे म्हणू लागला, तर दुसरा बांधलेला नाही. कारण मदत त्याच्याबरोबर करावयाची आहे, त्याच्याऐवजी नव्हे. तेव्हा बाळांनो, तुमची पिशवी मित्राने घेतली तर आनंदाने द्या, पण पाय तुमचेच चालले पाहिजेत. आणि मातांनो, पिशवीत चार दिवसांत संपेल इतकेच भरा. पाणी मात्र दर माणशी दिवसाला किमान ३ लिटर, ऊन असल्यास त्याहून अधिक.

आणखी एक गंभीर गोष्ट. २६ एप्रिल २०१८ रोजी दक्षिणेत, मृत समुद्राजवळच्या नाहाल त्साफितमध्ये अचानक लोंढा आला आणि सहलीला गेलेली दहा तरुण लेकरे त्यात मरण पावली. पुराचे इशारे दिले गेले होते. त्या घरांचे अश्रू अजून वाळले नाहीत. आपल्या गुरूंनी शिकविले आहे की, चमत्कारावर विसंबून राहू नये. म्हणून आकाश बिघडले आणि मागच्या एखाद्या मुलीने म्हटले, "मला भीती वाटते, परत फिरू या," तर तिला हसू नका. थांबा, विचारा, गरज असेल तर फिरा. किन्नेरेथ पुढच्या वर्षीही तेथेच आहे.

बंधुभगिनींनो, हे सारे आपण बेने इस्राएलांनी दुसऱ्यांपेक्षा लवकर समजावे, कारण आपण स्वतः इस्राएलच्या रांगेत फार मागे राहिलेले लोक. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या असे आपले वाडवडील सांगत. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली. उरला तो शेमा, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम. शनिवारी घाणा बंद म्हणून कोकणात आपल्याला 'शनिवार तेली' हे नाव पडले. मग दावीद रहाबी आले. आपल्या बाया पंख आणि खवले नसलेला मासा रांधीत नाहीत हे त्यांनी पाहिले आणि आपल्याला ओळखले, अशी आपली परंपरा सांगते. ते रहाबी आपले मेआसेफ होते. त्यांनी वाकून पाहिले, हरवलेले उचलले आणि ज्याचे त्याला परत दिले. पुढे या देशात आल्यावरही, आपण पुरे यहूदी आहोत की नाही असा प्रश्न काहींनी काढला. १९६४ साली तो मिटेपर्यंत आपल्या लोकांनी रस्त्यावर बसून सोसले. रांगेत आपल्याला जागा मिळाली. आता आपल्या मागे कोण आहे ते पाहण्याची पाळी आपली.

ते डोंगरातच पाहावे असे नाही. दिमोना, बेरशेबा, लोद येथे अशा आजीबाई आहेत की ज्यांची नातवंडे फक्त हिब्रू बोलतात आणि ज्यांच्याशी मराठीत दोन शब्द बोलावयास घरात कोणी नाही. बार मित्स्वाला अडखळत वाचणारा मुलगा आहे. नोकरी गेल्यामुळे लाजून मंदिरात येणे सोडलेला बाप आहे. आपण पुढे जाऊन सावलीत बसलो आहोत. ते पोहोचले का, कोणी मोजले आहे का?

बेराखोथमध्ये लिहिले आहे की, आपल्या लाडक्या एलियाहू हन्नाबींनी एका सज्जनाला सांगितले, वाटेला लागण्यापूर्वी आपल्या निर्मात्याला विचारून निघ. गुरूंनी त्याचा अर्थ प्रवासाची प्रार्थना असा केला. आणि अबाये यांनी सांगितले की, ती प्रार्थना एकट्यापुरती म्हणू नये, सर्वांकरिता म्हणावी. एकटा वाटसरूही 'आम्हांला' सुखरूप ने असेच म्हणतो. मुलांनो, अखझीवहून निघून वस्ती मागे पडली की सर्वांनी थांबून ही प्रार्थना म्हणा. शेवटचा आल्याशिवाय सुरुवात करू नका.

तरुण मंडळाला माझी विनंती अशी की, मेआसेफ म्हणून उरलासुरला मुलगा नेमू नका. तुमच्यातला सर्वांत दणकट, सर्वांत शांत आणि ज्याला कोणाची थट्टा करण्याची सवय नाही असा निवडा. रोज एकाला ही मानाची पाळी द्या. तुम्ही परत आलात की एलियाहू हन्नाबींचे स्मरण करून मलिदा करू. पोहे, नारळ, साखर, फळे सर्व तयार असेल. त्या दिवशी ताटातला पहिला वाटा जो सर्वांत शेवटी पोहोचला त्याला आणि दुसरा त्याच्याबरोबर चालला त्याला.

आकाश व पृथ्वीचा धनी परमेश्वर आमच्या लेकरांची पावले सांभाळो, त्यांना पाण्यापासून, कड्यापासून व वैऱ्यापासून राखो, जितकी जाणार तितकीच मोजून परत आणो आणि आम्हां सर्वांना एकमेकांकरिता थांबण्याची बुद्धी देवो. आमेन.